कण्या, पोलेंटा आणि परभणी

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोच्या एका समितीची बैठक झाली. जगाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत काय काय घ्यायचं ते ही समिती ठरवते. आपल्याकडे त्यातली एकच बातमी गाजली, ती म्हणजे दिवाळी त्या यादीत गेली. साहजिक आहे. पण त्याच बैठकीत आणखी एक नाव यादीत चढलं, ते म्हणजे इटालियन स्वयंपाक. एखादा पिझ्झा किंवा एखादा सॉस नव्हे, तर अख्खा घरचा स्वयंपाक! एकत्र बसून जेवणं, आजीनं नातवंडांना शिकवणं, उरलंसुरलं वाया न घालवणं, हे सगळं त्यात आलं.

आता इटालियन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टीम लंचमधला चीज ओघळणारा पिझ्झा येतो. माझ्या डोळ्यासमोर मात्र कण्या आल्या. हसू नका, कारण सांगतो.

ज्यांना कण्या माहीत नाहीत (पुण्या-मुंबईत वाढलेल्या बऱ्याच जणांना नसतात) त्यांच्यासाठी थोडक्यात कृती. ज्वारी जाडसर भरडायची. चाळून पीठ बाजूला काढायचं. मागे जी भरड उरते त्या कण्या. मिठाच्या उकळत्या पाण्यात त्या वैरायच्या आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. शिजून घट्ट झाल्या की ताटात घेऊन वर ताक. गार झाल्या तर वड्या पडतील इतक्या घट्ट होतात.

आणि आता उत्तर इटलीतला पोलेंटा बघा. मका जाडसर भरडायचा. मिठाच्या उकळत्या पाण्यात वैरायचा. तांब्याच्या भांड्यात लाकडी दांड्यानं ढवळत राहायचं. घट्ट झाला की लाकडी फळीवर ओतायचा, वर काहीतरी तोंडी लावायला. गार झाला की वड्या पाडून दुसऱ्या दिवशी भाजून खायचा. म्हणजे अल्गोरिदम तोच, फक्त इनपुट वेगळं!

हे साम्य इथेच संपलं असतं तर एक गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण या दोन्ही पदार्थांचा इतिहास बघायला गेलं तर साम्य बरंच खोल जातं, आणि काही ठिकाणी अस्वस्थ करतं.

आधी इटलीचं बघू. मका हे मूळचं अमेरिकेतलं पीक. कोलंबस १४९२ ला तिकडे पोचला आणि त्यानंतर मका युरोपात आला. त्याआधीही इटलीत लापशी होतीच, रोमन काळापासून होती, पण ती जव, बाजरीसारखी बारीक धान्यं, जुना गहू यांची. सोळाव्या-सतराव्या शतकात उत्तरेकडच्या व्हेनेटो, लोंबार्दी या भागांत मका रुजला. एकरी उतारा जास्त, त्यामुळे जमीनदार खूष. गहू विकायला आणि मका कुळांना खायला, अशी सरळ वाटणी झाली. शेतमजूर सकाळ-संध्याकाळ पोलेंटा खाऊ लागले, आणि पुढे पुढे दुसरं काही खाणं त्यांना परवडेनासं झालं. दक्षिणेतले लोक उत्तरेकडच्यांना 'पोलेंतोनी' म्हणजे पोलेंटाखाऊ म्हणून चिडवतात ते यावरूनच.

मग एक विचित्र आजार दिसू लागला. आधी कातडी खरखरीत होऊन सोलायची, मग हगवण, मग भ्रम. १७७१ मध्ये मिलानच्या फ्रांचेस्को फ्रापोल्ली या डॉक्टरनं लोकांच्याच बोलीतलं नाव उचललं: पेलाग्रा, म्हणजे खरबरीत कातडी. १८८१ च्या सुमारास इटलीत या आजाराचे एक लाखाच्या आसपास रोगी मोजले गेले होते. व्हेनेटोतली वेड्यांची इस्पितळं या रोग्यांनी भरली होती. कारणाबद्दल शंभर वर्षं वाद चालला. कुणी म्हणे मका सडका असतो, कुणी म्हणे आजार आनुवंशिक आहे. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासूनच्या कामात दाखवलं की हा संसर्ग नाही, आहारातली उणीव आहे. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी ती उणीव कशाची ते शोधलं. नायसिन, म्हणजे 'ब' गटातलं एक जीवनसत्त्व.

मग मेक्सिकोत लोक हजारो वर्षं मका खात होते, त्यांना का नाही झालं? कारण तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटायच्या. त्यामुळे मक्यात अडकून बसलेलं नायसिन मोकळं होतं. युरोपनं बियाणं आणलं, कृती आणली नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड कॉपी केला, डॉक्युमेंटेशन तिकडेच राहिलं. आणि ते डॉक्युमेंटेशन कुठे लिहिलेलं नव्हतंच, ते बायकांच्या हातात होतं.

आता परभणीकडे येऊ. (जगात जर्मनी, भारतात परभणी हे तुम्ही ऐकलं असेलच. आज त्यात इटलीची भर.)

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातला हा जिल्हा. काळी, खोल, भेगाळणारी जमीन. ही जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी एकाही पाण्याशिवाय, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर येते. म्हणून इथलं जेवण म्हणजे ज्वारी. आमच्याकडे 'भाकरी' नाही म्हणत, 'भाकर' म्हणतात, आणि भाकर खाल्ली का म्हणजे जेवण झालं का. पोळी सणाची, किंवा पाहुणा आला तर. भात तर आजाऱ्याचा नाहीतर लग्नाचा.

भाकर ही दिसायला साधी, पण इंजिनिअरिंग म्हणून भारी गोष्ट आहे. गव्हात चिवट ताण देणारं ग्लुटेन असतं, म्हणून कणकेची पोळी लाटता येते. ज्वारीत ते नसतं. म्हणून पिठात गरम पाणी घालायचं, त्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो आणि तात्पुरता सांधा तयार होतो. मग काटवटीत तळहाताच्या टाचेनं मळायचं, हातानं थापायचं, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, उलटायचं आणि शेवटी विस्तवाशी लावून फुगवायचं. पापुद्रा सुटला तर ती भाकर. पीठ आठ-पंधरा दिवसांचं झालं की त्याची विरी जाते, भाकर थापताना चिरते. म्हणून पीठ साठवता येत नाही, थोडं थोडं दळावं लागतं. गिरण्या नव्हत्या तेव्हा याचा अर्थ एवढाच होता की घरातल्या बाईनं रोज पहाटे उठून जात्यावर बसायचं.

ही गोष्ट परभणीकरांना वेगळी सांगायला नको. संत जनाबाई याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या या बाईचा विठ्ठल तिच्याबरोबर दळण दळायला बसतो. देवानं भक्ताला काय द्यावं, तर दळणात एक हात! ज्यानं कधी जात्याचा खुंटा धरलाय त्यालाच त्या कल्पनेतलं सुख कळेल. जात्यावरच्या ओव्या हा याच श्रमाचा साउंडट्रॅक. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. जेवणाचा इतिहास पाककृतींच्या पुस्तकांत शोधायचा आपला रिवाज आहे. पण इथला तो या ओव्यांत आहे.

पुस्तकांचं म्हणाल तर मराठीत ती परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१० चं, आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. इटलीत पेल्लेग्रिनो आर्तुझी या माणसानं १८९१ मध्ये स्वखर्चानं पाककृतींचं पुस्तक छापलं. गावोगावच्या गृहिणी त्याला पत्रं लिहून कृती कळवत गेल्या, आणि प्रत्येक आवृत्तीत पुस्तक फुगत फुगत ७९० कृतींवर गेलं. एकसंध 'इटालियन स्वयंपाक' नावाची गोष्ट लोकांच्या डोक्यात तयार झाली त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा. म्हणजे आपले गुप्ते सोळा वर्षांनी पुढे होते. पण या पुस्तकांची वाचकीण शिकलेली, शहरातली, बऱ्यापैकी खाऊन-पिऊन सुखी घरातली होती. इटलीतही आणि इथेही. कण्या आणि आंबील लिहून ठेवायची गरज कुणाला वाटणार?

ज्वारी हे नुसतं धान्य नव्हतं, ती गावाचं चलन होती. सालगड्याचं साल पायल्यांत ठरायचं. बलुतेदारांचं वर्षाचं देणं खळ्यावर ज्वारीत चुकतं व्हायचं. जास्तीची ज्वारी जमिनीखालच्या पेवात साठवायची. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण आज कोचिंग क्लासच्या संदर्भात वापरतो तो इथून आला. पण ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचं काय? गावकीची कामं करणाऱ्या महार कुटुंबांना कामाच्या मोबदल्यात घरोघरची भाकर मागून आणावी लागे. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या जेवणाबद्दल शाहू पाटोळे यांचं २०१५ चं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' नावाचं पुस्तक आहे, जरूर वाचा. नावातच सगळं आलं. 'आपलं पारंपरिक घरगुती जेवण' असं आपण सहज म्हणतो तेव्हा कुणाचं घर, हा प्रश्न ते पुस्तक विचारतं. आजीच्या हातची भाकर आठवताना शेजारच्या कुणाच्या आजीला ती मागावी लागत होती, हेही आठवायला पाहिजे.

आता पेलाग्राचं राहिलेलं टोक. १९६० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांचा एक निबंध आला. दख्खनच्या पठारावर पेलाग्राचे रोगी दिसत होते, आणि ते मका खाणारे नव्हते, ज्वारी खाणारे होते! ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जास्तीच्या प्रमाणामुळे शरीरात नायसिनचा हिशेब बिघडतो, असा त्यांचा सिद्धांत होता. ल्युसिनच्या भूमिकेबद्दल पुढे बरेच वाद झाले. पण मूळ निरीक्षण पक्कं होतं. हा आजार ज्वारी खाणाऱ्या सगळ्यांना होत नव्हता. ज्यांना ज्वारीशिवाय काहीच मिळत नव्हतं अशा गरिबांना होत होता.

हे वाचलं की परभणीच्या ताटाकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. भाकरीबरोबर काय असतं? तुरीचं वरण, नाहीतर हरभऱ्याच्या पिठाचं बेसन. शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची चटणी. ताक. अंबाडीची भाजी, तीही कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटलेली. आता १०० ग्रॅम शेंगदाण्यात १२ मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन असतं, म्हणजे जे ज्वारीत अडतं ते चटणीत मिळतं. गंमत म्हणजे शेंगदाणा आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिकेतली. आपली अस्सल गावरान शेंगदाण्याची चटणी ही इटलीच्या टोमॅटोइतकीच परदेशी आहे. पण इथे ती नेमकी योग्य जागी येऊन बसली. शिवाय ज्वारीच्या ओळींत तूर आणि मूग पेरायची पद्धत होती, म्हणजे शेतातच ताट पेरलं जात होतं. ही रचना कुणी बसून डिझाईन केली नाही. शेकडो वर्षं चुकत-माकत, काहींनी आजारी पडून, ती डीबग झाली. आणि ज्याच्या ताटात नुसती भाकर आणि मीठ-मिरची होती त्याच्यासाठी ती कधी चाललीच नाही. म्हणून 'जुनं ते सोनं' म्हणताना जरा जपून.

मग ही रचना मोडली कशी? एका फटक्यात नाही, हप्त्याहप्त्यानं.

पहिला हप्ता हायब्रीडचा. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, आणि अन्नधान्याची टंचाई इतकी होती की देश अमेरिकन गव्हाच्या जहाजांवर जगत होता. हायब्रीड ज्वारी खरिपात लावायची, बुटकी, उतारा भरपूर. पण कणीस भरताना पाऊस लागला की दाणे काळे पडत. भाकरीला चव नाही, कडब्याला बैल तोंड लावत नाहीत, अशी गावोगाव तक्रार. पोटं भरली हे खरं, आणि त्या काळात तेच महत्त्वाचं होतं. पण 'हायब्रीड' हा शब्द मराठीत कायमचा बेचव या अर्थानं रुजला तो याच काळात.

दुसरा हप्ता १९७२ च्या दुष्काळाचा. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची आणि सुकडी खायची. रेशनवर मिळायची ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. तिथे ती जनावरांना घालतात हे लोकांना माहीत झालेलं होतं. त्या पिढीच्या माणसांसमोर 'मिलो' शब्द काढून बघा, चेहरे बोलतात. इटलीतल्या म्हाताऱ्या माणसांना पोलेंटा नको वाटायचा तो याच कारणानं. ज्या अन्नानं जगवलं त्याच अन्नाला अपमानाचा वास लागला. हातात चार पैसे आल्यावर तिकडे पांढरा पाव आणि मांस आलं, इकडे पोळी आली.

योगायोग असा की परभणीचं कृषी विद्यापीठ याच वर्षी, १८ मे १९७२ ला सुरू झालं. (२०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे.) ज्वारीवर तिथे खूप काम झालं. परभणी मोती, परभणी ज्योती ही वाणांची नावं शेतकऱ्यांना पाठ आहेत. पण त्याच दशकात जायकवाडीचा डावा कालवा आणि त्याआधी पूर्णेवरचं येलदरी धरण, यांनी ओलिताखाली आलेल्या जमिनीत गहू आणि ऊस शिरला. तिसरा हप्ता रेशनचा. दुकानात वर्षानुवर्षं मिळत राहिला तो गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया किलो असं लिहिलेलं होतं, गहू २ आणि तांदूळ ३. पण कागदावरची ज्वारी पिशवीत क्वचितच आली. चौथा हप्ता सोयाबीनचा, साधारण १९९० नंतर. शंभर दिवसांत पीक, हातात रोख पैसा. खरीप ज्वारी आणि तिच्याबरोबरचे मूग-उडीद गेले. देशात १९७० च्या सुमारास ज्वारीखाली पावणेदोन कोटी हेक्टरच्या आसपास जमीन होती, आता ती ४० लाख हेक्टरच्या घरात आहे.

आणि हे उतरणं स्वतःच स्वतःला ढकलत जातं. ट्रॅक्टर आले, बैल गेले, म्हणून कडबा नको. ज्वारीची काढणी म्हणजे ताट उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, सगळं कंबरतोड काम, आणि मजूर नाहीत. शिवाय पाखरं! शिवारात शंभर जणांची ज्वारी असेल तर पाखरं शंभर शेतांत वाटली जातात. दहाच जणांची असेल तर सगळी त्या दहांवर. मग पुढच्या वर्षी पाच. आपण नेटवर्क इफेक्ट म्हणतो तो हा, फक्त उलटा. शेवटी एकटाच राहिलेला माणूस गोफण घेऊन माळ्यावर किती दिवस बसणार?

आता ताजं प्रकरण. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेही भारताच्या प्रस्तावावरून. त्याआधी २०१८ मध्ये परभणीच्या विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅटबरोबर 'परभणी शक्ती' हा वाण आणला. त्यात लोह किलोला ४५ मिलिग्रॅम आणि जस्त ३२, नेहमीच्या ज्वारीत ते साधारण ३० आणि २० असतं. काम उत्तम आहे. आणि शहरात ज्वारी परत आलीच आहे. डॉक्टर सांगतात, जिमवाला सांगतो, मॉलमध्ये ज्वारीचे पफ मिळतात, आणि चांगली मालदांडी बऱ्याचदा गव्हापेक्षा महाग पडते. पोलेंटाचंही हेच झालं, हॉटेलात तो आता ऐटीत वाढला जातो.

पण फरक आहे. इटलीत पोलेंटाबरोबर त्याची आठवणही जपली गेली. तिथे पेलाग्राचा इतिहास लिहिला गेला, गावोगावचे प्रकार नोंदले गेले, आर्तुझीच्या फोर्लिम्पोपोली गावात २००७ मध्ये घरगुती स्वयंपाकाला वाहिलेली संस्था उभी राहिली. आणि मग युनेस्को. आपल्याकडे ज्वारी परत येतेय ती एक सुटं पाकीट म्हणून. धान्य आलं, पण तूर-मुगाची ओळ, चटणी, कण्या घातलेली अंबाडी, गरम पाण्याची मात्रा, यांतलं काही त्याबरोबर आलेलं नाही. दरम्यान ज्या गावात ती पिकायची तिथलं मजूर कुटुंब रेशनचा गहू-तांदूळ खातंय. म्हणजे वाटणी तीच, फक्त उलटी झाली. पूर्वी गहू विकायचा आणि ज्वारी खायची, आता ज्वारी शहरात आणि गहू गावात.

आणि पुन्हा एकदा आपण बियाणं आणतोय, कृती नाही. व्हेनेटोच्या लोकांनी मेक्सिकोच्या बायकांना विचारलं असतं तर? हा प्रश्न मला फार छळतो. कृती म्हणजे काय ते विचारल्याशिवाय कळत नाही, कारण जिच्या हातात ती असते तिला ती 'माहिती' वाटतच नाही. परभणीच्या विद्यापीठातच गृहविज्ञानाचं महाविद्यालय आहे, तिथे ज्वारीच्या पदार्थांवर काम होतं. पण प्रत्येक घराचा कण्यांचा अंदाज काही विद्यापीठ नोंदवू शकत नाही. ते घरच्यांनाच करायला लागेल.

असो. बरंच झालं. एवढं वाचलंच आहे तर एक काम करा. पुढच्या वेळी गावी फोन लागेल तेव्हा आईला, आजीला, मामीला किंवा मावशीला विचारा, तुमच्याकडे कण्या कशा करायच्या? ताकातल्या की दुधातल्या? रोजच्या की फक्त दुष्काळातल्या? आणि त्या खायला आवडायच्या का? शेवटचा प्रश्न नक्की विचारा, त्याचं उत्तर पुस्तकात मिळत नाही. आणि जे सांगतील ते वाटीच्या आणि मुठीच्या मापात, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.